एक्केचाळीस नंबरचा खडा

इस्पितळाच्या नीतिसमितीचं पत्र मंगळवारी आलं. त्यात तीन नंबर होते: बारा, एकोणतीस आणि एक्केचाळीस. या तिघांच्या संमतिपत्रांवर रुग्णाची स्वतःची सही नाही, घरच्यांपैकी कुणाची तरी आहे, असं तपासणीत आढळलं होतं. बारा आणि एकोणतीस हयात नव्हते. त्यांचं काय करायचं ते समिती पुढच्या बैठकीत ठरवणार होती. जे हयात आहेत त्यांची सही महिन्याभरात घ्यावी, अन्यथा त्यांचा नमुना अभ्यासातून वगळावा, असं शेवटच्या ओळीत होतं.

हयात एक्केचाळीस नंबर तेवढा होता.

यामिनी दिघेनं पत्र दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. गेली चार वर्षं ती या अभ्यासावर काम करत होती. इंदूरच्या एका खासगी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, रक्तपेढीच्या मागे, दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. पित्तनलिका म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी बारीकशी नळी. तिचा कर्करोग झालेल्या अडुसष्ट माणसांच्या ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे तिथं मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले होते. ठोकळ्याची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती कापायची, मेण विरघळवायचं आणि राहिलेल्या पेशींमधून मायक्रोआरएनए वेगळे काढायचे, हे तिचं काम. हे मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतले अगदी आखूड धागे, जेमतेम बावीस अक्षरांचे. ते स्वतः काही घडवत नाहीत. पेशीनं कुठलं प्रथिन किती बनवायचं यावर वचक ठेवतात. त्यांतला एकवीस क्रमांकाचा धागा या कर्करोगात वाढलेला दिसतो, आणि ज्यांच्यात तो फार वाढलेला असतो ती माणसं कमी जगतात, असं बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांत आढळलं होतं. आपल्याकडच्या रुग्णांतही तसंच आहे का, एवढाच इथला प्रश्न होता.

उत्तर बहुतेक ‘हो’ असंच येत होतं. धागा जास्त असलेल्या चौतीस जणांपैकी बहुतेक सगळे दीड-दोन वर्षांत गेले. एक्केचाळीस नंबरचा आकडा अडुसष्टांत वरून दुसरा होता. यामिनीनं तो तीनदा मोजला होता, एकदा नवीन चकती कापून. आकडा हलला नाही. आणि एक्केचाळीस नंबर एकतीस महिन्यांनंतरही जिवंत होता.

दुपारी ती डॉ. अश्विन पुराणिकांच्या खोलीत गेली. अभ्यासाचे प्रमुख तेच आणि यांतली निम्म्याहून जास्त ऑपरेशनंही त्यांचीच. ते उभ्यानंच पोहे खात होते.

“काढून टाक,” पत्र वाचून ते म्हणाले.

“सर, मोजमाप बरोबर आहे.”

“मोजमापाचा प्रश्नच कुठाय? सही नाहीये. समिती स्वतःच म्हणतेय, वगळा. आपण काही लपवतोय का?”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. यामिनीला खटकलं ते हेच. तिनं सकाळीच दोन्ही प्रकारे हिशोब करून पाहिला होता. आलेला फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत असली तर निष्कर्ष मानायचा, बाहेर गेली तर मानायचा नाही, असा या कामातला रिवाज. एक्केचाळीसला धरून ती शक्यता पाच पूर्णांक आठ येत होती. एक्केचाळीसला वगळून चार पूर्णांक एक.

तिनं कागद त्यांच्यासमोर ठेवला. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि चमचा खाली ठेवला.

“हे बघ, त्या जगल्या याचा मला आनंदच आहे. मीच कापलंय त्यांना, नऊ तास. पण म्हणून आपल्या पेपरच्या उरावर बसायला पाहिजेत असं काही नाही.”

“मी सही आणायचा प्रयत्न करून बघू का?”

“कशी आणशील? घरच्यांनी सांगितलंच नाहीये त्यांना. खडा होता म्हणून सांगितलंय. त्यानंतरच्या गोळ्यासुद्धा खड्याच्या म्हणून घेतल्यात बाईंनी.”

“तुम्ही काय सांगितलं होतंत?”

“ब्लॉकेज.” डॉक्टरांनी पुन्हा चमचा उचलला. “ब्लॉकेज होतंच.”

डॉक्टरांनी राहिलेले पोहे संपवले. “मुलाला विचार. तो हो म्हणाला तर माझी परवानगी आहे, नंतर मी स्वतः बोलेन त्यांच्याशी. नाही म्हणाला तर हा विषय संपला.”

एक्केचाळीस नंबरचा मुलगा तिला आवाजानं ओळखीचा होता. दर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णाच्या घरी फोन करून तो हयात आहे का, हे विचारायचं आणि तक्त्यात भरायचं, हेही तिच्याकडेच होतं. हृषीकेश देवळेचं कृष्णपुऱ्याजवळ शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. आई अनेकदा दुकानात बसायला यायची, म्हणून पहिल्याच फोनला त्यानं ठरवून टाकलं होतं: मी कुरिअरवाल्याशी बोलल्यासारखं बोलेन. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तो ‘हाँ जी, पार्सल मिल गया, एकदम ठीक है’ म्हणायचा आणि यामिनी तक्त्यात ‘हयात’ लिहायची. प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ पलक या फोनच्या वेळी हातातलं काम सोडून ऐकत बसायची.

“मॅडम, आत्ता तर पार्सलची तारीख नाहीये,” हृषीकेश म्हणाला.

यामिनीनं काय हवं ते सांगितलं.

“अरे, पण मी केलीये ना सही!”

“तुमची चालत नाही. त्या शुद्धीवर होत्या, सज्ञान आहेत. त्यांचीच लागते.”

“तो ऐसा करू. बँकेचे केवायसीचे कागद आलेत, त्यात घालून घेतो. बँकेचं म्हटलं की आई...” तो अडखळला. “नाही, ती वाचते. बँकेचं तर जास्तच वाचते. तीस वर्षं महूला मुलींच्या शाळेत गणित शिकवलंय तिनं, कागद न वाचता सही करतच नाही. मी बायकोला सांगून चष्मा लपवतो.”

“तशी सही मला नको.”

“मग कशी पाहिजे?”

“वाचून केलेली.”

पलीकडून दुकानातले आवाज आले. कुणीतरी म्हणालं, “भिया, छत्तीस नंबर की पैंट दिखाना.” “आया भिया, दो मिनिट,” हृषीकेश म्हणाला आणि मग आवाज उतरवून, “मॅडम, रविवारी घरी या. बैठ के बात करू. पण आईसमोर वो नाम नहीं हं. तुम्ही माझ्या दोस्ताची बहीण, बस.”

रविवारी सकाळी यामिनी स्कूटरवरून स्नेहलतागंजला गेली. जिना चढताना तिनं मनाशी नक्की केलं की आपण मुलाशीच बोलायचं, तो नाही म्हणाला तर परत यायचं, आणि निदान आपल्या तोंडून जाता कामा नये. ते आपलं काम नाही. हृषीकेशच्या सहीचं मूळ संमतिपत्र तिच्या पर्समध्ये होतं.

दार हृषीकेशच्या आईनं, सरलाबाईंनीच उघडलं. ठेंगणी बांधणी, पांढरे केस, सुती साडीचा पदर नीट खोचलेला. यामिनीनं या बाईंचा नखाएवढा एक तुकडा कितीतरी वेळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्या तुकड्याभोवतीचं माणूस ती आज प्रथमच पाहत होती.

“ये बेटा. हृषीच्या कुठल्या मित्राची बहीण तू?”

“निखिलची,” हृषीकेश आतून घाईघाईनं आला.

“निखिलला बहीण कधी झाली? त्याच्या मुंजीला मी दोन दिवस राबलेय.”

“चुलत, आई.”

“चुलत सगळ्या महेश्वरला आहेत,” सरलाबाई म्हणाल्या, पण पाहुणीला उभं ठेवणं बरं नव्हे म्हणून त्यांनी तो मुद्दा सोडला. “बस. नीट दिसत नाहीये मला आज. सकाळपासून चष्मा सापडत नाही.”

यामिनीनं हृषीकेशकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता.

त्याची बायको सुरभी पोह्यांच्या बशा घेऊन आली. वर शेव होती, डाळिंबाचे दाणे होते. सरलाबाईंच्या बशीत मात्र दाणे नव्हते.

“मला बिया चालत नाहीत,” त्यांनी स्वतःहून सांगितलं. “खडा झाला होता ना. टमाटे बंद, वांगी बंद, पालक बंद. जाम तर बघतसुद्धा नाही.” पेरूला इंदुरात जाम म्हणतात. “पूर्वी महूहून येताना स्टेशनवर अर्धा किलो घ्यायची आणि घरी पोचेपर्यंत संपवायची. एकतीस महिने झाले, एक फोड नाही खाल्ली. आणि रोज सकाळी एक कप कुळथाचं पाणी. कुळीथ रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळायचे. एक दिवस चुकला नाही. लिहून ठेवलंय.”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला. प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक खूण होती. यामिनीला आपला तक्ता आठवला. तीही त्यात दर तीन महिन्यांनी असाच एक शब्द भरत असे.

“डॉक्टरांनी सांगितले होते का कुळीथ?” तिनं विचारलं.

“डॉक्टर काय सांगतात! मीच वाचून काढलं. पण पुन्हा खडा झाला का? नाही झाला.”

सुरभी बशा उचलायच्या निमित्तानं आत निघून गेली.

तेवढ्यात उघड्या दारातून हाक आली, “काकू, कुलथी झाली का?” आणि हातात स्टीलचा लोटा घेऊन एक बाई आत आली. चाळिशीच्या पुढची, खांद्यावर मोजायची टेप तशीच राहिलेली.

“ही बेबी,” सरलाबाई म्हणाल्या. “खाली राहते, साड्यांना फॉल-पिको करते. तिला पण खडा आहे.”

बेबी यामिनीकडे बघून हसली. तिच्या डोळ्यांचं पांढरं हळदीच्या बोटानं पुसल्यासारखं दिसत होतं. बोलताना ती एका हातानं दुसरा हात खाजवत होती, आणि कोपरापर्यंत नखांचे ओरखडे होते, काही जुने, काही ताजे.

“कधीपासून आहे हे?” यामिनीनं विचारलं.

“क्या, खुजली? तीन हफ्ते झाले. काकूंनाही अशीच होती.”

“लघवी गडद होते?”

बेबी लाजली. “हो. काकूंनाही व्हायची.”

“आणि शौचाला पांढरट?”

“तुला कसं माहीत?” सरलाबाई म्हणाल्या. “अगदी माझ्यासारखंच आहे तिचं सगळं.”

“भूक बिलकुल नाही लागत,” बेबी म्हणाली. “वजन पण उतरलं. पण काकूंचं पण उतरलं होतं.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“काकू आहेत ना! ऑपरेशन के नाम से मला भीती वाटते, दीदी. काकूंचा खडा मोठा होता म्हणून कापावं लागलं. माझा छोटा आहे, विरघळेल. काकू बोलल्या.”

सरलाबाईंनी मान डोलावली. वर्गातल्या मुलीनं उत्तर बरोबर सांगितल्यावर डोलवावी, तशी.

यामिनीनं पुन्हा हृषीकेशकडे पाहिलं. या वेळी त्याला पंख्याकडे पाहता आलं नाही. आतल्या दारात सुरभी येऊन उभी राहिली होती. “हृषी,” एवढंच ती म्हणाली.

“बेबीदीदी,” हृषीकेश म्हणाला, “उद्या तुम्ही डॉक्टरला दाखवा. मी गाडीवर सोडतो.”

“अरे नको भैया, काकूंच्या औषधानं फरक पडतोय.”

“पडतोय ना,” सरलाबाई म्हणाल्या. “तू मध्ये बोलू नकोस, हृषी. तुला काय कळतं त्यातलं? मी भोगलंय.”

यामिनीला इथं उठून जाता आलं असतं. बेबीला बाहेर गाठून चार शब्द सांगता आले असते, पण त्याचा उपयोग होणार नाही, हे तिला दिसत होतं. बेबीच्या लेखी या आजारातून उठलेलं एकच माणूस होतं, आणि ते समोर खुर्चीवर बसलेलं होतं.

“काकू,” ती म्हणाली, “तुमचा खडा तुम्हाला दाखवला होता का?”

“म्हणजे?”

“ऑपरेशननंतर डबीत घालून देतात ना.”

“देतात की. नानासाहेबांना दिले होते, पलीकडच्या गल्लीतल्या. अजून कपाटात ठेवलेत त्यांनी, दिवाळीला गेलं की दाखवतात.” सरलाबाई म्हणाल्या. “मला नाही दिला. हृषी म्हणाला, त्याची पावडर झाली.”

त्यांचा हात पोटावर गेला, बरगड्यांखालून आडव्या गेलेल्या व्रणावर. साडीवरूनच त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी मोजला.

“पावडर झाली असेल,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर मग एवढं मोठं कापायला काय लागलं?”

त्या मुलाकडे वळल्या.

“हृषी?”

“आई, खडा नव्हता,” हृषीकेश म्हणाला.

“मग काय होतं?”

तो उठला, बाल्कनीच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला. सरलाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग बेबीकडे, मग यामिनीकडे.

यामिनीनं पर्स उघडली. “मी निखिलची बहीण नाही. मी इस्पितळात काम करते. ऑपरेशनमध्ये तुमच्या पोटातून काढलेला तुकडा माझ्याकडे आहे, त्यावर आमचा अभ्यास चाललाय. हा त्याचा कागद. तुमची परवानगी तेव्हाच घ्यायला हवी होती. ती घेतली नाही.”

“चष्मा,” सरलाबाई म्हणाल्या.

सुरभीनं फ्रिजवरच्या टोपलीतून चष्मा काढून दिला. सरलाबाईंनी तो पदरानं पुसला, घातला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कागद हिंदीत होता, पाच पानांचा. त्या ओठ न हलवता वाचत होत्या. पहिल्याच पानावर, शीर्षकात, आजाराचं नाव होतं. तिथं त्या थांबल्या असतील तर ते कुणाला दिसलं नाही. बेबी लोटा मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती आणि खाजवायचं विसरली होती.

“दोननंतर एकदम चार नंबर आहे,” बऱ्याच वेळानं सरलाबाई म्हणाल्या.

“मजकूर सलग आहे. छापताना नंबर चुकलाय.”

“अडुसष्ट लोकांनी सह्या केल्या आणि कुणी बघितलं नाही?” त्यांनी यामिनीकडून पेन घेतलं, चारचे तीन केले, पाचचे चार केले, सहाचे पाच. मग पुढचं वाचलं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी पानं सारखी केली आणि टीपॉयवर ठेवली.

“कॅन्सर,” त्या म्हणाल्या.

“आई, आता सगळं साफ आहे,” हृषीकेश बाल्कनीच्या दारातून म्हणाला. “प्रत्येक सोनोग्राफी साफ आहे. देवाशप्पथ.”

“ते नाही विचारलं मी. किती दिवस बोलताय खोटं?”

“एकतीस महिने.”

“आणि मी कुळीथ उकळत होते तेव्हा सगळे गप्प बसलात.”

“आई, त्यानं नुकसान काही होत नव्हतं,” सुरभी म्हणाली.

सरलाबाईंनी बेबीकडे पाहिलं. सुरभीनंही पाहिलं आणि तिची मान खाली गेली.

“मी पायरी एकही चुकवली नव्हती,” सरलाबाई म्हणाल्या. त्या कुणाला उद्देशून बोलत होत्या ते कळत नव्हतं. “गणिताच्या सुरुवातीला ‘दिया है’ म्हणून जे लिहितात ना, त्यातच घोळ होता.” मग त्या यामिनीकडे वळल्या, आणि आतापर्यंत तिला अरेतुरे करणाऱ्या त्या बाई एकदम अहोजाहोवर आल्या. “या कागदात लिहिलंय की तुम्ही कसलातरी धागा मोजता आणि माणूस किती जगेल ते बघता. माझ्यात किती आहे?”

“सर, म्हणजे डॉक्टर पुराणिक, तुमच्याशी बोलणारच आहेत...”

“मोजलं कुणी?”

“मी.”

“मग तुम्ही सांगा.”

“जास्त आहे,” यामिनी म्हणाली. “अडुसष्टांत दुसरा.”

“म्हणजे मी जायला पाहिजे होते.”

यामिनीनं पर्समधून कोरा कागद काढला आणि त्यावर पायऱ्यांसारखी खाली उतरत जाणारी रेघ ओढली. एक माणूस गेलं की एक पायरी खाली, हे तिनं सांगितलं. धागा जास्त असलेल्यांची रेघ लवकर उतरत होती. पार शेवटी तिनं थोडी आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एक बारीक उभी खूण केली.

“ही मी?”

“हो. खूण म्हणजे हे माणूस इथपर्यंत आहे, पुढचं अजून माहीत नाही. आकडा गटाबद्दल बोलतो, काकू. एका माणसाबद्दल बोलण्याइतका तो पक्का आहे का, तेच आम्ही तपासतोय.”

“आणि मी सही नाही केली तर?”

“तर तुम्हाला काढावं लागेल. मग आकडा आहे त्यापेक्षा पक्का दिसेल.”

सरलाबाई थोडा वेळ त्या खुणेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा पेन घेतलं आणि पाचव्या पानावर, मुलाच्या जुन्या सहीच्या शेजारी नव्हे तर खाली, वेगळ्या ओळीत, पूर्ण नाव लिहिलं: सरला दिनानाथ देवळे. खाली तारीख घातली.

“बेबी,” त्या कागद परत देत म्हणाल्या, “लोटा इथंच राहू दे. उद्या आठ वाजता तयार हो. मी येते तुझ्याबरोबर.”

“काकू, मला पण तेच असेल का?” बेबीचा चेहरा उतरला होता.

सरलाबाईंनी यामिनीकडे पाहिलं.

“माहीत नाही,” यामिनी म्हणाली. “तपासल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं.”

बेबीला खडाच निघाला. पित्तनलिकेत अडकलेला, चण्याएवढा. बुधवारी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढला. पोट फाडावं लागलं नाही. पित्तात संसर्ग सुरू झाला होता, आणखी आठवडाभर कुळीथ पीत बसल्या असत्या तर अवघड गेलं असतं, असं डॉ. पुराणिक म्हणाले. खडा डबीत घालून बेबीच्या हातात दिला. तिला अभ्यासात नंबर मिळाला नाही, कारण तिचा त्या अभ्यासाशी काही संबंध नव्हता.

सरलाबाईंशी डॉक्टर चाळीस मिनिटं बोलले. बाहेर आल्यावर त्यांनी टेबलावरचं पाणी एका दमात संपवलं. “ब्लॉकेजची व्याख्या करा म्हणाल्या मला,” त्यांनी यामिनीला सांगितलं. मग तिनं केलेला नवा हिशोब त्यांनी पाहिला: पाच पूर्णांक आठ. निष्कर्षाच्या जागी ‘कल दिसतो, पण सिद्ध होत नाही, अधिक रुग्णांचा अभ्यास हवा’ असं लिहावं लागणार होतं. ज्या मासिकाकडे पेपर पाठवायचा होता ते आता तो घेणार नव्हतं. डॉक्टरांनी थोडा विचार केला, दुसऱ्या, लहान मासिकाचं नाव कागदावर लिहिलं आणि ऑपरेशनला निघून गेले.

सरलाबाई मुलाशी नऊ दिवस बोलल्या नाहीत, हे यामिनीला सुरभीकडून कळलं. दहाव्या दिवशी त्यांनी त्याला दुकानातून येताना जाम आणायला सांगितले.

जानेवारीत पुन्हा तक्त्याची वेळ आली. एक्केचाळीससमोर आता सरलाबाईंचाच फोन नंबर होता. यामिनीनं तो लावला तेव्हा पलक सवयीनं शेजारी येऊन उभी राहिली.

“दीदी, पार्सल?” ती कुजबुजली. यामिनीनं तिला हातानं गप्प केलं.

“बोला,” सरलाबाई म्हणाल्या. तोंडात काहीतरी होतं. “जाम खातेय. थांबा, गिळू द्या.”

“तब्येत कशी आहे, काकू?”

“वजन सातशे ग्रॅम वाढलंय. मागच्या महिन्यातली सोनोग्राफी बघितलीत?”

“बघितली. साफ आहे.”

“मग लिहा.”

यामिनीनं चौतीस महिन्यांच्या रकान्यात ‘हयात’ लिहिलं. “बेबीताई कशा आहेत?”

“मजेत. डबी टीव्हीवर ठेवलीये तिनं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. माझ्यावर मात्र रागावलीये, मी कुळथाचा डबा रिकामा केला म्हणून. म्हणते, खबरदारी म्हणून राहू द्यायचा.” पलीकडे पुन्हा एक फोड चावल्याचा आवाज आला. “अन् एक सांगायचं होतं तुम्हाला.”

“बोला ना.”

“तुमचा फोन पंधरा तारखेला यायला पाहिजे होता. आज सतरा आहे.”

यामिनीनं तक्त्यावरची तारीख पाहिली. बाईंचं बरोबर होतं.

“मशीन बंद होतं दोन दिवस, त्या गडबडीत...” ती सांगू लागली.

“ते ठीक आहे. पण पुढच्या वेळी तारीख चुकवू नका,” सरलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.